तलावाच्या पारीवरची सिमेंटची खाट

समितीची सचिव झालं की बाईमाणसाला दोन वह्या ठेवाव्या लागतात. एक वही ग्रामपंचायतीला दाखवायची. तिच्यात मी सुवाच्य अक्षरात 'सखोल चर्चा होऊन विषय पुढील सभेत घ्यावा असे ठरले' असं लिहीत असे. दुसरी वही डोक्यात. त्या सखोल चर्चेत कोण कोणावर ओरडलं, कोण रागावून घरी गेलं आणि चहा आला म्हणून परत आलं, ते सगळं या दुसऱ्या वहीत साठत गेलं. आता ती इतकी भरली आहे की एक किस्सा काढायला जावं तर त्याच्या मागून तीन बाहेर येतात.

मी सचिव कशी झाले, म्हणाल तर पहिल्या सभेला पेन घेऊन गेलेली मी एकटीच होते!

मी नर्स. बोदलकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या उपकेंद्रात बावीस वर्षं काढली. निवृत्त होऊन गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं, पण ते गाव मला सोडत नाही. तिथली सरपंच खेमेश्वरीताई. तिला लहानपणीची सगळी इंजेक्शनं मीच टोचली आहेत, त्याचा सूड म्हणून की काय, ती मला प्रत्येक कामाला बोलावते. एक दिवस फोन आला, "सिस्टर, स्मारक बांधून रायलो. तुमी या."

"कोणाचं स्मारक?"

"जहाज पायनाऱ्यायचं!"

आमच्याकडची जुनी माणसं विमानाला जहाज म्हणतात. एकाहत्तरच्या लढाईत या गावातल्या चार शेतकऱ्यांना सरकारनं आकाशाकडे लक्ष ठेवायला बसवलं होतं. दंडावर पट्टा, गळ्यात शिट्टी, आणि गावच्या तलावाच्या बांधावर एक खाट. बांधाला इथे पार म्हणतात. पारीवर खाटेवर उताणं पडायचं आणि आकाश पाहायचं. जहाज दिसलं की सायकल मारत रेल्वे स्टेशन गाठायचं आणि तिथल्या फोनवरून साहेबांना कळवायचं. चौघेही स्वयंसेवक. त्यांतले आता एकच हयात आहेत, परसराम कापगते. ऐंशीच्या घरात आले आहेत. दर सव्वीस जानेवारीला त्यांना झेंड्याशेजारी खुर्ची मिळते. ती का मिळते, हे गावात कोणालाच नीट माहीत नव्हतं. खेमेश्वरीताईनं एका वर्षी सहज विचारलं आणि त्यातून हे सगळं निघालं.

*

पहिल्याच सभेत परसरामजींना विचारलं, की तुम्ही कळवत होता म्हणजे नक्की काय कळवत होता?

परसरामजी उठले, ग्रामपंचायतीच्या टेबलावरचे कागद बाजूला केले आणि सरळ टेबलावर आडवे झाले! खेमेश्वरीताई "बाबाजी, बाबाजी" करत पंखा बंद करायला धावली.

"पाय उत्तरेकडे," परसरामजी झोपूनच सांगू लागले. "डोकं दक्षिनेकडे. हलाचं नाई. आता जहाज आलं, तं मी सांगीन, डाव्या खांद्यावरून आलं, उजव्या गुडघ्याकडे गेलं."

होकायंत्र कोणाजवळ नव्हतं आणि अंश-बिंश कोणाला शिकवणार? म्हणून ही युक्ती या चौघांनीच काढली होती. स्टेशनवरच्या बाबूंनी मग फोनजवळच्या भिंतीवर एका झोपलेल्या माणसाचं चित्र काढून त्याच्या अंगाभोवती दिशा लिहून ठेवल्या. परसरामजी किंवा दुसरं कोणी धापा टाकत आलं आणि "उजवा कान ते डावा पाय" म्हणालं, की बाबू चित्रावर बोट फिरवत आणि फोनवर साहेबांना शुद्ध दिशा सांगत.

एकदा परसरामजी स्टेशनवर पोचले आणि म्हणाले, "बेंबीवरून गेलं."

बाबूंनी चित्र पाहिलं. खाली-वर पाहिलं. "अहो, पण बेंबी कोणत्या दिशेला येते?"

"साहेब, सगळ्यायची मधातच येते!"

*

या चौघांना शिकवायला तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांच्याजवळ काळ्या आकृत्यांची कार्डं होती. हे आपलं, हे शत्रूचं, हे सामानाचं, हे बाँबचं. चौघांनी ती कार्डं एकदा पाहिली आणि परत दिली. साहेब रागावले, की पाठ करा.

"साहेब," त्यांच्यातला एक जण म्हणाला, "वर उडनारं आमी जनमभर पाऊन रायलो. वेगळं काई आलं तं समजन आमाले."

साहेब पारीवर उभे राहून आणखी काही समजावणार, तेवढ्यात त्यांचीच नजर वर गेली आणि ते शिट्टी फुंकून ओरडले. "विमान! दोन! ईशान्येकडून!"

चौघेही खाटेवरून हलले नाहीत. साहेबांची शिट्टी संपेपर्यंत परसरामजी थांबले आणि मग अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, सारस आहे. जोडी आहे. लढाईवर कोनी बायको घेऊन येते का?"

*

स्मारक म्हणजे पुतळा, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. म्हणून आम्ही गोंदियाला मूर्तिकाराकडे गेलो. खेमेश्वरीताई, परसरामजी, मी आणि टेकचंद. टेकचंद म्हणजे त्या चौघांतल्या एका दिवंगत टेहळ्याचा मुलगा. राइस मिलमध्ये सुपरवायझर होता, आता बापाच्या नावानं स्मारक होणार म्हणून रोज इस्त्रीचा शर्ट घालून फिरत होता.

मूर्तिकाराच्या अंगणात अर्धा देश उभा होता. खेमेश्वरीताई म्हणाली, "आसमान की तरफ देखनेवाला आदमी चाहिए."

"है ना!" तो म्हणाला, आणि आम्हाला एका हात वर केलेल्या पुढाऱ्यासमोर नेलं. "हाथ तो ऊपर ही है. उंगली तोड़ के दूरबीन पकड़ा देंगे. टोपी निकाल देंगे. कोई नहीं पहचानेगा."

"आमच्याजवळ दुरबीन नोहती," परसरामजी म्हणाले.

"तो क्या था?"

"खाट. झोपून पायत होतो."

मूर्तिकार विचारात पडला. तीस वर्षं त्याच धंद्यात असलेला माणूस, त्याला नाही म्हणणं जड जात होतं. शेवटी म्हणाला, "देखो चाचाजी, हम आदमी को खड़ा बनाते हैं. ज़्यादा से ज़्यादा बैठा. सोया हुआ तो आज तक सिर्फ विष्णु भगवान को बनाया है."

परसरामजींनी दोन्ही हात जोडले. "तेवढं नका करू बाप्पा! नुसती खाट बनवा. ज्याले पायचं असन तो येऊन झोपन."

सगळे हसले, पण परतताना गाडीत कोणी पुतळ्याचं नाव काढलं नाही. सिमेंटची खाट, त्यामागे एक दगड आणि दगडावर नावं, एवढं तिथेच ठरून गेलं. मला वाटतं, समितीनं घेतलेला तो एकमेव निर्णय, ज्यावर सखोल चर्चा झाली नाही.

*

खाट बनवली मुन्ना मिस्त्रीनं. हा आमच्या फुलचूरचा. हात सोन्याचा, पण घाई फार. त्यानं सिमेंटमध्ये सुतळीची वीणसुद्धा अशी उठवली की लांबून पाहणाऱ्याला ती खरी खाट वाटावी. एका आठवड्यात पारीवर खाट उभी केली आणि मला फोन केला, "सिस्टर, एकदम फर्स्ट क्लास. रोड से दिखती है."

तिथेच घोळ झाला होता. रस्ता तलावाच्या उत्तरेला. रस्त्यावरून उशाकडची बाजू छान दिसावी म्हणून यानं उसं उत्तरेला केलं. पाय दक्षिणेला! दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर धुणं घेऊन आलेल्या बायांनी खाट पाहिली आणि धुणं तसंच उचलून घरी गेल्या. दक्षिणेकडे पाय करून कोणाला झोपवतात, हे काय सांगायला पाहिजे? गावात शिरायच्या आधी लागणारी वस्तू, आणि ती अशी! दुपारपर्यंत सरपंचाच्या दारात पन्नास बाया.

परसरामजींना रिवाजाचं फारसं नव्हतं. त्यांचा राग वेगळाच. "हिवाळ्यातलं ऊन दक्षिनेचं असते बे! सूर्य डोऱ्यात गेला तं जहाज काय दिसन, तुयं कपाळ?"

मुन्ना म्हणाला, खाट तोडून नवी करतो. पण हे गाव कोहळ्यांचं. यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले, तलावाच्या तोंडचे मोठाले दगड खांद्यावर वाहून बसवले. तोडायचं म्हणताच म्हाताऱ्यांना अपमान वाटला. "फिरवू," ते म्हणाले. बांबू आले, दोर आले, सोळा गडी आले. खाट उचलायची, पारीवर जागा अरुंद म्हणून तशीच उचलून खालच्या रस्त्यावर आणायची, तिथे वळवायची आणि परत वर न्यायची.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. सोळा माणसं, खांद्यावर बांबू, बांबूवर खाट, पुढे परसरामजी वाट दाखवत, मागे गावच्या बाया, आणि सगळे हळूहळू चालताहेत. तिरोड्याकडून येणारा एक मोटारसायकलवाला थांबला. चप्पल काढली. हात जोडले. मग खाटेवर कोणीच नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कोन गेलं जी?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

खांद्यावरचं ओझं सांभाळत एक जण म्हणाला, "अजून कोनीच नाई. तुमाले बसाचं आहे का?"

*

एक वार्ताहर पोरगी आली होती, मोबाइलवर व्हिडिओ करणारी. चांगली हुशार होती. परसरामजींना नव्या खाटेवर बसवून तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही पहारा देत असताना शत्रूची किती विमानं आली?"

"एकबी नाई."

तिचा चेहरा पडला. "एकही नाही? मग इतके दिवस तुम्ही…"

"आमी पाऊन रायलो होतो नं," परसरामजी म्हणाले. "म्हून नाई आले."

*

आता जरा दुसरं सांगते. हे हसायचं नाही.

मी त्या गावात लागले तेव्हाची गोष्ट. सुखराम बिसेन नावाच्या माणसाला टायफॉइड झाला. अंगात एकशे तीन ताप. उपकेंद्रात आणलं, सलाइन लावायचं म्हटलं. मी कॉट दाखवली. हा माणूस कॉटवर बसला.

"झोपा," मी म्हटलं.

"नाई सिस्टर. दिवसा नाई झोपत मी."

मी रागावले. नर्सच्या आवाजात रागावले. तो नुसता मान हलवत राहिला. शेवटी सलाइनची बाटली खिडकीच्या वरच्या गजाला बांधली आणि तो भिंतीला टेकून दोन दिवस बसून राहिला. मान खाली पडायची, परत दचकून उचलायचा. त्याची बायको भागरताबाई शेजारी बसून त्याच्या पाठीला हात लावायची. दिवस बुडाला की मगच तो पाठ टेकत असे. बावीस वर्षांत बसून सलाइन घेतलेला तो माझा एकच पेशंट. मला वाटलं, हेकट माणूस आहे. तसं मी त्याच्या तोंडावर म्हटलंही. आजही त्याची लाज वाटते.

सुखराम त्या चौघांतला एक होता. लढाईच्या दिवसांत एकदा दुपारच्या जरा आधी एक जहाज गावावरून गेलं. आपलंच होतं, सामानाचं. आधीच्या गावातल्या टेहळ्यांनी ते कळवलं, पुढच्या गावातल्या टेहळ्यांनीही कळवलं. मधल्या आमच्या गावावरून मात्र ते गेलंच नव्हतं! साहेब जीप घेऊन आले. जहाज गेलं तेव्हा ड्युटी सुखरामची होती आणि सुखराम खाटेवर झोपला होता, हे त्यानं स्वतःच सांगितलं. साहेबांनी गावासमोर त्याच्या दंडावरचा पट्टा काढून घेतला.

त्यानंतर तो माणूस दिवसा कधी आडवा झाला नाही. शेतात नाही, घरात नाही, तापातही नाही. गावानं मात्र त्या घराला नाव ठेवून दिलं, 'झोपेवाले'. मुलाच्या लग्नासाठी पाहुणे आले तेव्हा त्यांनी रस्त्यात विचारलं, "बिसेनांचं घर कोनतं?" आणि उत्तर मिळालं, "ते झोपेवाले का?" पाहुणे आले, पण हसत आले. भागरताबाईनं मला ते सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती.

सुखराम पाच-सहा वर्षांपूर्वी गेला.

*

दगडावर कोणाची नावं घालायची, ही सभा सगळ्यांत लांबली. वहीत मी एकच ओळ लिहिली आहे.

टेकचंद उभा राहिला. "माया बापानं डोऱ्यात तेल घालून पहारा केला. तीन नावं टाका. झोपलेल्याचं नाव माया बापाच्या बाजूले नाई पायजे."

खेमेश्वरीताई म्हणाली, चौघे होते तर चार नावं. टेकचंद म्हणाला, मग पहारा देणारा आणि झोपणारा सारखाच का? दोन-चार जण त्याच्या बाजूनं बोलले. बाकीचे जमिनीकडे पाहत बसले. परसरामजींना विचारलं, तर त्यांनी कानाला हात लावला. "ऐकू नाई येऊन रायलं," म्हणाले. त्यांना गरजेपुरतंच ऐकू येतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण ऐंशीच्या माणसाला कोण दटावणार? मला विचारलं, तर मी म्हटलं, सचिवाला मत नसतं. असं कुठल्याही नियमात नाही. मी घाबरले होते, एवढंच.

तेवढ्यात भागरताबाई दारात आली. बोलावलं नव्हतं, पण गावात सभेची बातमी काय लपते? पदर सावरून उभी राहिली. आत आली नाही.

"टाका नाईतर नका टाकू," ती म्हणाली. "मी भांडाले नाई आली. पन मी रोज त्याच पारीवरून तलावावर जाते. मले वाचता येत नाई. तरी तीन ओळी अन् चार ओळी मले समजते."

आणि ती गेली.

शेवटी ठरलं असं, की तूर्त तीन नावं कोरायची आणि चौथ्याची जागा कोरी ठेवायची. कोणालाच ते आवडलं नाही, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. मी घरी येताना भागरताबाईच्या घरावरून आले नाही, मुद्दाम लांबच्या वाटेनं आले.

*

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दहाला पारीखाली मंडप घातला होता. पाहुणे म्हणून कोणी मोठं यायचं होतं, ते आलं नाही, आणि ते बरंच झालं. फीत परसरामजींनी कापायची होती. टेकचंदनं नवा सदरा घातला होता आणि माइक त्याच्याच हातात होता. मुन्ना मिस्त्री आपलं काम लोकांना दाखवायला बायकोला घेऊन आला होता. भागरताबाई बायांमध्ये सगळ्यांत मागे बसली होती. आली होती, हेच मला मोठं वाटलं.

पडदा काढला. टाळ्या झाल्या. तीन नावं आणि खाली कोरी जागा. ती जागा उन्हात जरा जास्तच चमकत होती. टेकचंदनं त्याच्या बापाचं नाव माइकवर दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आता काकाजी दोन शब्द बोलतीन."

परसरामजी खाटेवर बसले. माइक हातात घेतला.

"धानाचे चुरने चालू होते," ते म्हणाले. "रातभर खळ्यात बैलामांगे फिरनं अन् दिवसा इथं येऊन खाटेवर पडनं. हिवाळ्याचं ऊन. तुमी पडून पाहा बरं! मले झोप लागत होती." ते टेकचंदकडे वळले. "तुया बापालेई लागत होती, बाबू. घोरत होता तो."

मंडपात कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. टेकचंद हसला नाही, पण माइक मागितलाही नाही.

"म्हून आमी दोघादोघायनं एक ठरवलं होतं. साहेबाले नोहतं सांगितलं. मी अन् सुखराम एका जोडीत. एक दिवस सकाळची ड्युटी त्याची, एक दिवस मायी. ज्याची दुपारची असन त्यानं घंटाभर अगोदर याचं अन् पयल्याले जागं कराचं. मायी सकाळ असली का सुखराम येत होता. एक दिवस नाई चुकला. त्या दिवशी सकाळ त्याची होती. त्याले जागं कराले मले याचं होतं."

त्यांनी बायांच्या रांगांकडे पाहिलं.

मागून भागरताबाईनं विचारलं, "मंग?"

"मी घरी झोपून रायलो होतो, वहिनी."

भागरताबाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तिनं सावरला नाही. "त्यायले मालूम होतं?"

"होतं."

"साहेबाले काऊन नाई सांगितलं मंग त्यायनं?"

"ते मले अजून नाई समजलं." परसरामजींनी दंडावर हात ठेवला. "अन् मी काऊन नाई सांगितलं, ते समजते. मायाबी दंडावर पट्टा होता. पन्नास वर्षं मी त्या झेंड्याजवळच्या खुर्चीवर बसून रायलो, वहिनी. त्या दिवशी सभेत मले ऐकू येऊन रायलं होतं. सगळं ऐकू येऊन रायलं होतं."

मी सचिव. अशा वेळी कोणीतरी काहीतरी करायला पाहिजे, पण मला पुढे डोळ्यांनी दिसतच नव्हतं.

"एवढंच नाई," परसरामजी म्हणाले. "त्याचा पट्टा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळ मायी होती. मायी जोडी तं तुटली होती, मले उठवाले कोन येनार? मायी आँख लागली. अन् मंग खांद्याले हात लागला. पाहतो तं सुखराम! हातात चहाची किटली. म्हणते, 'उठ बे, साहेब येऊन पाहीन.' त्याले पट्टा नाई, ड्युटी नाई, काई नाई. लढाई सरतवरी रोज आला तो. रोज चहा घेऊन आला."

टेकचंद खाली उतरला. मला वाटलं, निघाला घरी. तो गर्दीतून वाट काढत मुन्नाजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "छन्नी-हातोडा है क्या?"

"गाड़ी में है," मुन्ना म्हणाला आणि धावत सुटला.

भागरताबाई मात्र तिथेच उभी होती. सगळ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती परसरामजींकडे पाहत नव्हती, कोणाकडेच पाहत नव्हती.

"अगा माय!" ती म्हणाली. "नवी नवरी होती मी. पट्टा गेलेला मानूस रोज किटली भरून पारीकडे जाते, अन् कुठं जाता म्हटलं तं सांगत नाई! मले वाटलं, कोनी बाई आहे पलीकडे. आठ दिवस बोलली नाई मी त्यायच्याशी!"